माकडताप आणि मार्चअखेर

काजूचा हंगाम भरात आला की सत्तरीत, डिचोलीत आणि सीमेपलीकडच्या दोडामार्गात माणसे उजाडल्यापासून बागेत असतात. बोंड पिकून खाली पडले की वेचायचे, म्हणजे दिवसभर वाकून पाचोळ्यात हात. त्याच पाचोळ्यात डिसेंबर ते मे या महिन्यांत डोळ्याला जेमतेम दिसणारी गोचिडीची पिल्ले असतात आणि त्यांतल्या काहींच्या अंगात माकडतापाचा विषाणू असतो. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात हा ताप आला. २०१६ च्या जानेवारीत दोडामार्गातल्या केर गावात, आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या आसपास. बांदा म्हणजे पेडण्याच्या पत्रादेवी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, असा हा आजार.

अशी साथ आली की वर्तमानपत्रात निधीचा आकडा येतो. लाखांत, कधी कोटींत. आणि मग गावातला माणूस विचारतो, पैसा जाहीर झाला ना? मग रान तपासायला अजून कोणी कसे आले नाही? तपासणीचे सामान यायला मिरग का उजाडतो? पैसा कोणीतरी खाल्ला असणार, हा आपला पहिला संशय. बहुतेक वेळा तो खाल्लेला नसतो. वाटेत थांबलेला असतो, आणि थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात.

जाहीर झालेला रुपया कुठे कुठे थांबतो

आधी एक फरक. मदतीचा पैसा वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. रुग्णवाहिका, गोळ्या, गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचे तेल, मेलेल्या माकडाभोवती फवारायची पावडर, हे सगळे मदतीच्या पैशातून. कोणत्या रानातल्या गोचिडी बाधित आहेत, माकडे मरू लागल्यावर किती दिवसांनी माणसे आजारी पडतात, लस खरोखर वाचवते का, या प्रश्नांची उत्तरे संशोधनाच्या पैशातून मिळतात. हा दुसरा पैसा अनुदान म्हणून येतो आणि अनुदानाला अटी असतात.

गोचीड पकडण्याचेच काम पाहा. संशोधक पांढऱ्या फडक्याला दोरी बांधतात आणि ते रानातल्या जमिनीवरून हळूहळू ओढत नेतात. काही पावलांवर थांबून फडके उलटायचे. त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकायच्या, कुपीवर जागा आणि तारीख लिहायची, ती गारठ्यात ठेवायची आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, पाठवायची. पाहणाऱ्याला यात खर्च काय तो दिसत नाही. हिशेबात मात्र हे काम चार ठिकाणी विभागलेले असते. कुप्या, चिमटे आणि रसायने ‘उपभोग्य वस्तूं’त, जीपचे भाडे ‘प्रवासा’त, फडके ओढणाऱ्या मुलाचा पगार ‘मनुष्यबळा’त, नमुने ठेवायचा डीप फ्रीझर ‘यंत्रसामग्री’त. या प्रत्येक कप्प्याला लेखाशीर्ष म्हणतात. प्रवासाचे पैसे उरले आणि रसायने संपली तर प्रवासाच्या पैशातून ती सहज आणता येत नाहीत. यंत्राच्या पैशातून पगार तर नाहीच नाही. त्यासाठी निधी देणाऱ्या खात्याला पत्र लिहून पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात नेण्याची परवानगी, मागावी लागते. पत्र दिल्लीला जाते. उत्तर येते, पण गोचीड तोवर थांबत नाही.

खरेदीलाही पायऱ्या आहेत. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मूळ मर्यादा अशी होती की २५ हजारांपर्यंतची वस्तू दरपत्रक न मागवता घ्यावी, अडीच लाखांपर्यंत तीन जणांच्या समितीने बाजारात जाऊन घ्यावी, त्यापुढे निविदा. शिवाय वस्तू सरकारी ‘जेम’ पोर्टलवर मिळते का, ते आधी पाहायचे. आणीबाणीत एकाच पुरवठादाराकडून घेण्याची मुभा नियमांत आहे. पण ‘आणीबाणी आहे’ हे कोणीतरी वरच्या अधिकाऱ्याने लेखी म्हणावे लागते, आणि सही करणाऱ्याला ठाऊक असते की तीन वर्षांनी लेखापरीक्षक याच कागदावर बोट ठेवणार आहे. मग तो सही उद्यावर टाकतो. मला त्याचा राग येत नाही. चूक केली तर त्याला जाब विचारणारे आहेत, उशीर केला तर नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा दोन लाखांवर नेली, हे बरे झाले. निदान कुप्या आणि हातमोज्यांसाठी आता समिती नको.

३१ मार्च

खरा गुंता तारखेचा आहे. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते. पुढचा हप्ता हवा असेल तर आधीच्या वर्षाचा खर्चाचा तपशील आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते ३१ मार्चला वर्ष संपल्याशिवाय तयार होत नाही. त्यावर सनदी लेखापालाची सही, मग संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याची, मग दिल्लीत छाननी. नवा हप्ता पावसाळ्यात आला तरी वेळेवर आला म्हणतात.

आता माकडतापाचे कॅलेंडर याच्या शेजारी ठेवा. गोचिडीची पिल्ले डिसेंबरपासून, रुग्ण सर्वाधिक जानेवारी ते एप्रिल, काजू फेब्रुवारीपासून मेपर्यंत. म्हणजे रोग ऐन भरात असताना अनुदानाच्या खात्यात तळ दिसू लागलेला असतो आणि कारकून ‘मार्चअखेर’ म्हणत नव्या खर्चाला हात लावू देत नाहीत. जुलैत पैसे येतात तेव्हा रानात चिखल असतो आणि फडक्याला काही लागत नाही. उरलेला पैसा पुन्हा मार्चच्या आत संपवायचा, म्हणून मग गरज नसलेला संगणक घेतला जातो.

> चौकट: अनुदानाच्या कागदांची ओळख
>
> मंजुरी आदेश: किती रुपये, कोणत्या शीर्षात, किती वर्षांसाठी, ते सांगणारे पत्र. हे हातात आले म्हणजे पैसे आले असे नव्हे.
>
> उपयोगिता प्रमाणपत्र: दिलेला पैसा दिलेल्या कामालाच लागला, अशी संस्थेची लेखी हमी.
>
> पुनर्विनियोजन: एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवण्याची परवानगी.
>
> बिनखर्ची मुदतवाढ: काम पुरे करायला जादा महिने, पण जादा पैसे नाहीत.
>
> नीतिमत्ता समितीची मान्यता: माणसांवरच्या अभ्यासात त्यांच्या संमतीची आणि सुरक्षिततेची सोय नीट आहे, असे समितीने दिलेले पत्र. ते नसेल तर रक्ताचा एक थेंबही घेता येत नाही.

टाळेबंदीत पगार चालू, काम बंद

२०२० मध्ये देशभरची टाळेबंदी २५ मार्चला लागली, आर्थिक वर्ष संपायला आठवडा असताना. पेडण्यात पत्रादेवीचा आणि डिचोलीच्या बाजूने दोडामार्गचा, दोन्ही नाके बंद. कोविडच्या कामाला वाट होती, पण चालू असलेले बाकीचे प्रकल्प जिथल्या तिथे थांबले. सर्वेक्षणाला घरोघर जाता येईना आणि ओळखपत्र दाखवूनही तालुक्याबाहेर जाणे कठीण.

अशा वेळी निधी देणारी खाती मुदतवाढ देतात, आणि ऐकायला ते उदार वाटते. एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब करू. रानातल्या गोचिडींवर तीन वर्षांचा प्रकल्प आहे, त्यात दोन सहायक, प्रत्येकी महिना ३० हजार. टाळेबंदीत सहा महिने काम थांबले म्हणून त्यांना काढता येत नाही, आणि काढूही नये. त्या काळात ३ लाख ६० हजार रुपये पगारात गेले. पण नुकसान सहा महिन्यांचे नाही. मार्च ते मे हातचे गेले की रानात पुन्हा पिल्ले सापडणार ती डिसेंबरात. हंगामातल्या तीन महिन्यांच्या बंदने पुरे वर्ष खाल्ले आणि वर्षाचा पगार होतो ७ लाख २० हजार. शेवटी खाते सांगते, घ्या एक वर्ष वाढवून, पैसे मात्र तेवढेच. वर्ष आहे, फडके आहे, फडके ओढणारा नाही. बिनखर्ची मुदतवाढ रसायनशाळेतल्या माणसाला उपयोगी पडते. हंगामी रोगाच्या अभ्यासकाला तिच्याबरोबर पगाराचे शीर्ष भरून दिले नाही तर ती नुसती तारीख असते.

आधीच भरलेले कोठार

मग साथीत संशोधन झपाट्याने झाले, असे कधी घडलेच नाही का? घडले आहे, आणि आपल्याच भागात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे बार्देशातल्या हडफड्याचे. सरकारने प्लेगवर काम करायला वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ते तेव्हा भारतातच होते, पटकीच्या लशीचे काम करत. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आज असे करू देऊ नये, पण तीन-साडेतीन महिन्यांत लस तयार झाली, कारण माणूस आणि त्याचे कसब आधीच पगारावर होते. नवे काही नेमायचे नव्हते, फक्त पटकीवरून प्लेगकडे वळवायचे होते.

माकडतापाचा शोधही असाच लागला. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची एनआयव्ही ती हीच. डास-गोचिडींमार्फत पसरणारे विषाणू अभ्यासायचे, एवढे त्याचे मोकळे उद्दिष्ट होते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पीतज्वर भारतात शिरला की काय अशी धास्ती पडली. पुण्याचे पथक तिथे गेले आणि त्याच वर्षी विषाणू वेगळा झाला. तो पीतज्वराचा नव्हता, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. कीटकतज्ज्ञ, विषाणूतज्ज्ञ, विषाणू वाढवायला लागणारी उंदरांची पिल्ले, हे सगळे साथीच्या पाच वर्षे आधीपासून जागेवर होते.

आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, मिरची, कोकम, मीठ, सगळे पहिल्या सरीच्या आत. जूनमध्ये हातात पैसे असले तरी मिरची वाळवता येत नाही. साथीच्या संशोधनाचे तसेच आहे. कोविडमध्ये भारताला चाचण्यांचा पहिला रेटा पेलता आला तो विषाणू निदान प्रयोगशाळांचे जाळे आधीच्या दशकात उभे राहिले होते म्हणून. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, तपासणी सुरू होईपर्यंत गोव्याचे नमुने पुण्यालाच जात होते, हे आठवत असेल. ९०० कोटींचे ‘मिशन कोविड सुरक्षा’ जाहीर झाले ते २०२० च्या नोव्हेंबरअखेर, पहिली लाट ओसरू लागल्यावर. लशींसाठी ते उपयोगी होते. पहिल्या लाटेतल्या प्रश्नांना मात्र ते उशिराचेच.

परदेशातून आलेला पैसा

मोकळा पैसा पुष्कळदा बाहेरून येतो. मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राने २०१४ पासून दहा राज्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांच्या तापाची कारणे शोधण्याचा मोठा प्रकल्प चालवला. गोवा त्यात होता, आणि पैसा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा. ताप आला की मलेरिया, डेंगी म्हणून सोडून न देता खरे कारण काय ते पाहायचे, हे काम कोणत्याही एका रोगाच्या अनुदानात बसत नाही.

पण परदेशी पैशाला दोन दारे ओलांडावी लागतात. एक परकीय देणगी नियमन कायद्याचे, गृहमंत्रालयाचे. दुसरे आयसीएमआरमधल्या छाननी समितीचे, आरोग्य मंत्रालयाचे. २०१९ च्या अखेरीस सीडीसीकडून येणारा निधी गृहमंत्रालयाच्या पूर्वपरवानगीच्या यादीत गेला. निमित्त होते मणिपालमधल्या निपाह विषाणूच्या कामाच्या परवानग्यांचे. निपाहसारखा विषाणू कोण, कुठे, कोणाच्या पैशाने हाताळतो हे सरकारने विचारलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच झडपेने साध्या तापाच्या पाहणीचाही प्रवाह आटतो, आणि ती वेळ कोविडच्या तोंडावरची होती. पुढे २०२० च्या सप्टेंबरात, साथ ऐन जोरात असताना, कायदा बदलला. परदेशी अनुदान घेतलेल्या संस्थेला ते दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही, प्रशासकीय खर्च निम्म्याऐवजी २० टक्क्यांत बसवायचा, आणि खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडून काम करून घ्यायचे, ही घडी त्यामुळे मोडली.

गोळ्यांना पैसा आहे, मोजण्याला नाही

१० मे २०२१ ला गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केले की अठरा वर्षांवरील प्रत्येकाला कोविडवर प्रतिबंध म्हणून आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या गोळ्या द्यायच्या, रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. लगोलग जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी आठवण करून दिली की हे औषध कोविडसाठी फक्त चाचण्यांतच वापरावे, असा संघटनेचा सल्ला आहे. सप्टेंबरात ते राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेतून वगळले गेले. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत त्याने रुग्णालयात दाखल होणे टळत नाही असे दिसले. ती चाचणी आजारी माणसांवरची होती. निरोगी माणसाला आधी गोळी दिली तर काय होते, हे गोव्याला स्वतः तपासता आले असते, आणि तेही फारसा पैसा न घालता.

कसे? राज्यभर गोळ्या एकाच दिवशी पोचतच नाहीत, कोणाला आधी आणि कोणाला मागाहून मिळणारच. तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. पेडण्यात आधी आणि डिचोलीत तीन आठवड्यांनी, असे मनात येईल, पण ते चालणार नाही. पेडण्यात किनारपट्टी, पर्यटक, महामार्ग आणि डिचोलीत खाणपट्टा व औद्योगिक वसाहत. रुग्णसंख्येत फरक पडला तर तो गोळीचा की गावाच्या ठेवणीचा, ते कळणार नाही. म्हणून दोन्ही तालुक्यांतली आरोग्य उपकेंद्रे घ्यायची आणि प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी. काही उपकेंद्रे पेडण्यातली आधी, काही डिचोलीतली आधी. मग तीन आठवडे दोन्ही गटांत कोणाला ताप आला, कोण दाखल झाले, तेवढे मोजायचे. आयसीएमआरने २०२० च्या एप्रिलमध्येच साथीच्या काळासाठी नीतिमत्ता समित्यांना मार्गदर्शन दिले होते, तातडीने छाननी करा आणि अनेक ठिकाणांसाठी एकाच समितीचा निर्णय मानता येईल, म्हणून. म्हणजे वाट होती.

अडते ते लेखाशीर्षात. औषधखरेदीच्या शीर्षातून गोळ्या येतात, पण उपकेंद्राची वही संगणकावर चढवणाऱ्या मुलाचा पगार त्यातून निघत नाही. ब्रिटनने ‘रिकव्हरी’ चाचणीत हीच अडचण सोडवली. नियमित उपचार आणि चाचणी एकाच रुग्णालयात, कागद अगदी मोजके, पैसा सरकारी संशोधन निधीतून तातडीने. आराखड्याच्या पहिल्या मसुद्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण नोंदला गेला, आणि १६ जून २०२० ला कळले की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांना वाचवते. तुमच्याआमच्या घरातल्या कितीतरी माणसांना ते नंतर मिळाले.

झोपवून ठेवलेला प्रकल्प

ब्रिटनला हे सुचले ते आधी फसल्यामुळे. २००९ च्या स्वाइन फ्लूत तिथल्या काही अभ्यासांना परवानग्या मिळेपर्यंत साथ उतरू लागली. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने काही प्रकल्प पुढच्या साथीसाठी आधीच मंजूर करून, करार आणि आराखडे तयार ठेवून, अक्षरशः झोपवून ठेवले. २०२० मध्ये त्यांतले काही बदलून उठवले.

माकडतापासाठी असा प्रकल्प गोव्यात आणि सिंधुदुर्गात ठेवणे त्याहून सोपे आहे, कारण हा रोग तारीख कळवून येतो. काय काय लागेल? गोचीड आणि रुग्ण, दोन्हींच्या अभ्यासाचा आराखडा आणि त्याला नीतिमत्ता समितीची मान्यता. मेलेल्या माकडाचा नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी, कारण माकड वन्यजीव कायद्याखाली येते आणि म्हादई अभयारण्यात शिरताना ती विचारली जातेच. रसायने आणि कुप्यांचा दरकरार नोव्हेंबरात झालेला, म्हणजे जानेवारीत फक्त मागणीपत्र. पुनर्विनियोजनाचा अधिकार एका मर्यादेपर्यंत प्रकल्पप्रमुखाला. आणि पैसा ३१ मार्चला परत न जाता मेअखेरपर्यंत वापरता येईल, अशी ओळ मंजुरी आदेशातच.

यातला सर्वांत अवघड कागद दोन राज्यांमधला. दोडामार्गातला रुग्ण उपचाराला बांबोळीला येतो, गोव्यात नोंदला जातो, पण त्याला चावलेली गोचीड महाराष्ट्रातली असते. त्याच्या रक्ताच्या नमुन्याचा खर्च कोणत्या प्रकल्पातून, अहवाल पणजीला की सिंधुदुर्गातल्या ओरोसला, आणि डिचोलीचे पथक पलीकडच्या रानात फडके ओढू शकते का, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर प्रत्येक रुग्णामागे नवा पत्रव्यवहार सुरू होतो. त्याला निधी लागत नाही. दोन्ही आरोग्य खात्यांच्या सचिवांच्या सह्या लागतात, आणि त्या मिळवायला जून ते नोव्हेंबर हे सहा महिने मोकळे असतात.